बोर्ड ‘गेला’ म्हणायचं नाही

चाचणीच्या टेबलावर मदरबोर्डाला ‘गेला’ म्हटलं की तो खरोखरच उठून जातो, म्हणून मूल्यमापन कचेरीत तो शब्द उच्चारायला मनाई आहे. बांगडी फुटली तरी आपण ती वाढवली म्हणतो, तसा बंद पडलेला बोर्ड इथे वाढतो. शेऱ्यातही तसंच लिहितात. बोर्ड मग निमूट पडून राहतो.

ऋजुता बोरवणकर इलेक्ट्रॉनिक्स घेऊन पदवीधर झालेली. त्या दिवशी तिला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. म्हणजे ती बोर्ड तपासणार आणि मुलाणीसर तिला. अभ्यास चोख होता. पण पोरगी कुकरच्या शिट्टीलाही दचकायची, त्याला काय करणार?

तिने वीज जोडली. पंखा फिरला. आता पडद्यावर अक्षरं उमटणार, तोच बोर्डावरचा करंगळीच्या नखाएवढा कपॅसिटर फट्‌कन फुटला.

“अगंबाई, गेला!”

बोर्डाने वायरी सोडवल्या, रॅम काखोटीला मारली आणि तो जिना उतरू लागला.

“झालं!” मुलाणीसर चष्मा पुसत म्हणाले. “ज्याच्या तोंडून बोर्ड जातो, त्याची नोकरी जाते. ठाऊक आहे ना, बोरवणकर?”

“उचलून आणू का, सर?”

“उचलून आणलेला चालत नाही. मर्जीनं यायला हवा. आणा तर खरं, मग बघू.”

ऋजुता धावली. कोपऱ्यावरच्या रसवंतीगृहापाशी तिने बोर्डाला गाठलं. मदर म्हणून अगं म्हणावं की बोर्ड म्हणून अरे, यावर खात्याने ‘अहो’ ठरवून दिलेलं आहे.

“अहो, थांबा ना जरा!”

“का म्हणून? गेला म्हणालीस ना?”

“दचकले हो. निघालं तोंडातून.”

“एका शाळेचे सगळे निकाल काढले मी. नापास पोरींनी रडून गोंधळ घातला, पण मला कुणी गेला म्हटलं नाही.”

“अहो, कपॅसिटर तेवढा वाढलाय. नवा बसवला की तुम्ही ठणठणीत. तसाच शेरा देते.”

“नको मला तुझा शेरा. जातो मी.”

ऋजुता रडायच्या बेतात होती, पण सवयीने ती खेकसलीच, “जातो काय, जातो? येतो म्हणावं! काही वळण आहे की नाही?”

रसवंतीवाल्याने घुंगरांचं चाक थांबवलं. बोर्ड ओशाळला.

“चुकलं,” तो म्हणाला. “येतो.”

आता येतो म्हटल्यावर येणं आलंच. दोघं जिना चढून वर आली. ऋजुताने नवा कपॅसिटर बसवला, डोळे घट्ट मिटून वीज जोडली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. मुलाणीसरांनी ‘चालू’ असा शिक्का मारला.

“आणि माझी नोकरी, सर?”

सरांनी खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं.

“ती तुमच्या मागोमागच गेली. नियम तो नियम.”

ऋजुता खिडकीकडे धावली.

“पण दारात वळून ‘येते’ म्हणाली,” सर म्हणाले.

ऋजुताने नाक पुसलं, एक रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी ठेवली आणि शिपाईमामांना दार लोटू नका म्हणून सांगून आली.