बबनआबांच्या पेशींची हजेरी

रोज सकाळी सात वाजता आमच्या शेजारचे बबनआबा अंगणात उभे राहायचे आणि स्वतःच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची हजेरी घ्यायचे. चांगली मोठ्यानं. "उजवं फुफ्फुस?" असं ओरडून छातीवर थाप मारायचे आणि बारीक आवाजात आपणच म्हणायचे, "हजर, साहेब!" भाजे लेणी बघायला आलेले रविवारचे पाहुणे थांबून मोबाईलवर शूटिंग करायचे. आबांना त्याचं काही नसायचं.

हा घोळ माझ्यामुळे झाला, हे कबूल करते. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढते. आबांना फुफ्फुसाचा टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि तिथल्या संशोधनासाठी रक्त द्यायला ते तयार झाले. "पर कशापायी घेता, ते सांग आदी," म्हणाले. मी सांगितलं, की जंतू फुफ्फुसात शिरला की एक पेशी दुसरीला निरोप धाडते आणि दुसरी धावून येते. काही पेशंटमध्ये हे नीट होत नाही. का होत नाही, ते शोधायचंय.

झालं! देहूरोडच्या एका गोदामाच्या गेटवर तीस वर्षं पहारा केलेला माणूस तो. "ड्युटीवर झोपत्यात लेकाचे!" त्यांनी तिथल्या तिथं निकाल दिला.

दुसऱ्या दिवसापासून हजेरी. मग परवलीचा शब्द, तोही रोज नवा, कुठल्यातरी भाजीचं नाव, कारण जुना जंतूला कळला असणार. एकदा ऐन गोळीच्या वेळी त्यांना आजचा शब्दच आठवेना. "वळख पटल्याबिगर आत कशी सोडू?" म्हणून गोळी हातात धरून बसले. मी भिंतीवरून भाज्यांची नावं ओरडत सुटले. 'घोसाळं'ला गोळी आत गेली.

मी दिसले की मात्र एकच प्रश्न. "सूनबाई, निरोप उशिरा पोचतो, का पोचून बी उठत न्हाईत?"

"तेच तर शोधतायत, आबा."

"मग लवकर शोदा की! लय फरक हाय दोन्हीत."

सहा महिन्यांनी थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आला. शेवटचं रक्त काढताना पुन्हा तोच प्रश्न. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "उशिराच पोचत असेल. त्यांचा काय दोष?"

आबा कापसाचा बोळा दाबून बसले होते. "मला तर येळेवर पोचलाता," म्हणाले.

मला काही कळेना. मग तेच सांगू लागले. त्यांची बायको सोनाबाई मी या गावात सून म्हणून येण्याआधीच गेली होती, एवढंच मला ठाऊक होतं.

"तिलाबी हेच दुखणं. गेटवर माणूस धाडला तिनं, जरा येऊन जा म्हणून. म्या म्हटलं, आठवड्याची ड्युटी झाली की शनवारी येतो. गुरवारीच गेली." बोळा काढून बघत म्हणाले, "मी जागाच व्हतो गं. ड्युटीवर कवा झोपलो न्हाई."

सहा महिने मी या माणसाला हसत होते. मला फार लाज वाटली.

वाटलं, आता हजेरी बंद होणार. पण दुसऱ्या दिवशी सात वाजता आबा अंगणात होतेच. ओरडणं तेवढं ऐकू येईना, म्हणून मी भिंतीपाशी गेले. छातीवर हात ठेवून ते हळू आवाजात समजावत होते, "कुनी बोलावलं तर लगीच जावा रं बाबांनो. ड्युटीचं मी बगतो."