पाच हजार माणसं आली कुठून?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : समोर कागद असला की मी कुठल्याही विषयावर बोलू शकतो! कुलपांच्या कंपनीत कर्मचारी विभाग सांभाळायचा तर एवढं यावंच लागतं.

कामगार कशामुळे खूश असतात, याची आम्ही पाहणी केली होती. साहेबांना दोन प्रश्नांची उत्तरं हवी होती. त्यांच्या रोजच्या सकाळच्या भाषणामुळे कामगार खूश होतात का? आणि कामाला येण्या-जाण्याच्या वेळेत दिलेल्या मोकळिकीमुळे होतात का? मोकळीक बंद करून भाषण दुप्पट करावं, असं साहेबांच्या मनात होतं. सगळी कंपनी देव पाण्यात घालून बसली होती!

आकडेमोड केली माझ्या वहिनींनी. त्या संख्याशास्त्र शिकवतात आणि अवघड गोष्ट अशी सोपी करून सांगतात, की ती आपल्यालाच सुचली असं वाटतं. तिथेच माझा घात झाला.

"भावजी, मी येईपर्यंत तोंड उघडू नका," त्यांनी बजावलं होतं. पण बैठक तासभर अलीकडे आली आणि त्यांचा कागद समोर धरून मी ते उघडलं.

"साहेब, पाच हजारांचा कौल आहे!"

"पाच हजार?" साहेब दचकले. "आपल्याकडे माणसं एकशे चाळीस!"

"बूटस्ट्रॅपिंग केलंय, साहेब."

"कुणाचे बूट?"

सुरक्षाप्रमुख ताडकन उभे राहिले. "माझ्या फाटकातून एवढी माणसं आत आली? शक्य नाही!" उपाहारगृहाच्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तरीच रोज चहा कमी पडतो!"

विषय बदलावा म्हणून मी घाईघाईने पुढची ओळ वाचली. "भाषणाचा परिणाम, उणे शून्य पूर्णांक शून्य नऊपासून अधिक शून्य पूर्णांक बारापर्यंत. म्हणजे साहेब, दोन्ही बाजूंनी परिणाम! शून्यसुद्धा तुम्ही सोडलेलं नाही!"

साहेबांचा चेहरा पुरीसारखा फुगला. "मग ठरलं! मोकळीक बंद. भाषण दोनदा!"

उपाहारगृहाच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझा चहा तिथेच गार झाला. त्यांची लेक पाळणाघरात असते. त्या मोकळिकीवरच त्यांचा सगळा दिवस उभा होता.

तेवढ्यात दारातून वहिनी आल्या. काय घडलंय, ते माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. पण माझ्यावर एक शब्द नाही! त्यांनी हसत चिठ्ठ्या वाटल्या.

"भाषण किती आवडतं आणि कामावर किती खूश आहात, दोन्हींना दहापैकी गुण द्या. नाव नको."

आम्हा चौघांच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या वाडग्यात पडल्या. "आता साहेब, एक काढायची, वाचायची, परत टाकायची. असं चार वेळा. पाच हजार माणसं नव्हेत. आपलीच एकशे चाळीस माणसं, पण हा खेळ संगणकाने पाच हजार वेळा खेळलाय."

पहिल्या फेरीत दहा-दहा गुणांची एक चिठ्ठी तीनदा आली. भाषण आवडलं की खुशी वाढते का, हे दाखवायला वहिनींनी फळ्यावर बाण काढला, सरळ वर! दुसऱ्या फेरीत ती एकदाही आली नाही. बाण खाली! तिसऱ्यांदा आडवा.

"ही दहा-दहाची चिठ्ठी कुणाची?" सुरक्षाप्रमुखांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा साहेबांकडे वळल्या. साहेबांचे कान लाल झाले. "म्हणजे... माझं भाषण मलाच आवडतं?"

वहिनींचा आवाज मात्र तितकाच मऊ. "तसं मी म्हणणार नाही. भाषणाने माणसं खूश होतात असं ही पाहणी सांगत नाही, नाराज होतात असंही नाही. बाण शून्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खातोय, म्हणून त्याच्या भरवशावर काही ठरवू नये. मोकळिकीच्या आकड्यांचा पट्टा मात्र सगळाच्या सगळा शून्याच्या वर आहे. तिथे भरवसा ठेवायला जागा आहे."

इतकं खरं, आणि इतकं न दुखावता! मला तिथल्या तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

साहेबांनी स्वतः उठून फळ्यावरचे तिन्ही बाण पुसले. मग म्हणाले, "मोकळीक राहील." उपाहारगृहाच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

जाता जाता साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बाई, यांच्यामुळे कंपनीत काय फरक पडतो, तेही मोजता येईल?"

"येईल की. पण ते माझे भावजी आहेत. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या."

हे कौतुक होतं की काय होतं, कोण जाणे! निष्कर्षांचा अर्थ लावायचं मी तेव्हापासून सोडलंय.