नीलकंठराव धीर द्यायला जातात

नऊला जगन्नाथरावांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं आणि आठला नीलकंठराव त्यांना धीर द्यायला दवाखान्यात हजर झाले. इथेच सगळं बिघडलं. नीलकंठराव म्हणजे देवमाणूस. पण झाशीत तीस वर्षं इतिहास शिकवलेला मास्तर! अशा माणसाला आजाऱ्यापाशी एकटं सोडू नये. पण जगन्नाथरावांची बायको शारदा नेमकी चहा आणायला खाली गेली होती, त्याला कोण काय करणार?

जगन्नाथराव पांढरेफटक पडले होते. खड्यांनी दोन महिने जीव नकोसा केला होता आणि आता टाळाल तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अहो, घाबरता काय मराठी माणूस असून!" नीलकंठराव म्हणाले. "दत्ताजी शिंदे काय म्हणाले होते? बचेंगे तो और भी लढेंगे!"

जगन्नाथरावांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. ते उशीला टेकून बसले.

"लहानपणापासून ऐकतोय हो. पण म्हणाले कधी?"

हे मास्तरला विचारायचं नसतं.

"सतराशे साठ! ऐन संक्रांत! यमुनेच्या काठी, बुराडी घाटावर गोळी लागून पडले होते. शत्रूचा कुतुबशाह जवळ येऊन विचारतो, 'क्यों पाटील, और लढोगे?' त्यावर हे उत्तर!"

"क्या बात है! मग, वाचले ना?"

नीलकंठरावांनी आयुष्यात वर्गाला खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"नाही. त्यानं तिथंच मुंडकं कापलं."

जगन्नाथरावांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधायला सुरुवात केली. शेजारच्या खाटेवरच्या बुंदेली आजोबांनी विचारलं, "का भओ, बाबूजी?" जगन्नाथरावांनी हिंदीतून सगळं युद्ध सांगितलं. आजोबाही उठून बसले, आपल्यालाही ऑपरेशन नको म्हणाले. "तो हमें सोई नईं कराउने!"

नर्स धावत आली. "अरे, लेट जाइए! डॉक्टरसाहब हाथ धो रहे हैं!"

तेवढ्यात शारदा चहा घेऊन आली, तर नवरा दवाखान्याच्या अंगरख्यात दारापर्यंत पोचलेला.

"मास्तर, काय केलंत हो हे! किती समजावून आणलं होतं मी यांना. उद्या काही बरंवाईट झालं तर?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

नीलकंठरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, त्याचा अर्थ वेगळा आहे. पडलेला माणूस म्हणतोय, हातात जगणं नाही, पण हिंमत माझी आहे…"

"हिंमत?" जगन्नाथराव उसळले. "स्वतः चार वर्षं हर्नियाला पट्टा बांधून फिरताय. का नाही कापून घेतलंत?"

आता नर्सही नीलकंठरावांकडे बघू लागली. ते घामाघूम झाले. पण शारदाचे डोळे पाहिले आणि म्हणाले, "बरं. तुम्ही आत जा, मी हर्नियासाठी माझं नाव लिहून येतो."

"आधी नाव!"

शनिवारची तारीख लिहिलेली चिठ्ठी हातात पडली, तेव्हाच जगन्नाथराव आडवे झाले. ते पाहून आजोबाही झाले.

ऑपरेशन झकास झालं. शारदानं डॉक्टरांना हात जोडले, नर्सला जोडले, मग नीलकंठरावांनाही जोडले. संध्याकाळी नीलकंठरावांची बायको, प्रेमला, पेढे घेऊन आली, ती थेट जगन्नाथरावांच्या खाटेशी.

"भावजी, कसे उपकार फेडू? चार वर्षं मी कपाळ फोडतेय या माणसापुढे!"

शनिवारी नीलकंठराव स्ट्रेचरवर होते. सगळा इतिहास त्यांच्या तोंडचा पळाला होता. जगन्नाथराव टाके सांभाळत हळूहळू जवळ आले.

"जगन्नाथराव, काहीतरी बोला हो."

"डॉक्टरचा हात हलका आहे. दुपारी शुद्ध येईल, मी इथंच असेन. मग मऊ वरणभात मिळेल."

"कोण म्हणालं होतं हे?"

"आमची शारदा. आत नेताना, माझा हात धरून."

"आणि खरं ठरलं?"

"अक्षर न् अक्षर. भात तेवढा थोडा करपला होता."

"चालेल हो," नीलकंठराव जगन्नाथरावांचा हात घट्ट धरून म्हणाले, "करपलेला चालेल."