आनंदीबाईंचा पंचाहत्तरावा

आनंदीबाईंनी कधीपासून सांगून ठेवलं होतं, की पंचाहत्तरावा वाढदिवस घरीच करायचा. भरली वांगी, श्रीखंड आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, बस. एवढं साधं मागणं ज्याच्या डोक्यात शिरलं नाही, तो त्यांचा एकुलता एक मुलगा स्वानंद. आता स्वानंद काही वाईट माणूस नव्हे हो. उलट इंदुरात झाडं लावायची असोत, रक्तदान असो की ब्लँकेटं वाटायची असोत, हा भिया, म्हणजे इंदुरी भाऊ, सगळ्यात पुढे. शहर असं वाढलंय की सेवेलाही आता ट्रॅफिकमधून जावं लागतं, पण हा पठ्ठ्या चुकायचा नाही.

"आई, घरी तर सगळेच जेवतात," तो म्हणाला. "तुझा वाढदिवस आपण वृद्धाश्रमात करू. तू तुझ्या हाताने सगळ्यांना शाल दे."

"माझ्याच वयाच्या लोकांना मी काय शाल देऊ? आणि वांगी?"

"वांगी उद्या."

परदेशीपुऱ्यातल्या आश्रमात फोन केला, तर तिथले व्यवस्थापक अश्विनजी म्हणाले, "सकाळचा नाश्ता बुक आहे, दुपारचं जेवण तर दिवाळीपर्यंत बुक आहे. चार वाजेचा स्लॉट देतो. पण पोहे नका आणू, प्लीज. आमचे लोक आता पोहे बघून रडतात."

वाढदिवसाला दुपारी आनंदीबाई नवी जांभळी साडी नेसून समोर आल्या. "ही बरी दिसते का रे?"

स्वानंद कार्यक्रमाच्या बॅनरचा फोटो मोबाइलवरच्या सेवा ग्रुपवर टाकत होता. "मस्त," तो मान वर न करता म्हणाला. आनंदीबाई मग शेजारच्या बडा गणपतीच्या देवळात पाया पडून येते म्हणाल्या आणि निघाल्या. कोणाला म्हणाल्या, ते मात्र कोणालाच आठवत नाही.

इथून सगळा घोळ सुरू झाला. शाली आणि बॅनर घेऊन स्वानंद त्याच्या रजत नावाच्या मित्राच्या गाडीने पुढे गेला. मागून त्याची बायको संहिता निघाली, तिने दारात पाहिलं तर सासूबाईंच्या चपला नाहीत. गेल्या वाटतं मुलाबरोबर, असं म्हणून तिने कुलूप लावलं आणि ती केक घ्यायला गेली. सासूबाईंचा फोन आत चार्जिंगला होता.

आश्रमात आजी-आजोबा रांगेने बसले होते, डोक्यावर चमकीच्या उंच टोप्या घालून. टोप्या दुपारच्या वाढदिवसाच्या होत्या. काढायच्या कशाला, चारला परत लागणारच.

"आज एक नवीन आजी भरती होणार आहेत," अश्विनजी म्हणाले. "त्यांची पण एक शाल धरा."

स्वानंद खुर्चीवर चढून बॅनर बांधायला लागला. "खिडकीवर नका लावू," वाल्मिकराव नावाचे आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले. "उजेड मागून येतो, तोंडं काळी येतात. आणि मेणबत्तीच्या आधी पंखा बंद करा."

"काका, तुम्हाला बराच एक्सपिरियन्स आहे," रजत म्हणाला.

"रोजचंच आहे भिया. लोकांना सेवा करायची असते, तर कोणीतरी समोर बसायला पाहिजे ना. ती आमची सेवा."

शाली खरं तर आईच्या हातून द्यायच्या होत्या. पण आई संहिताबरोबर बाजारात कुठेतरी अडकली असणार, असं स्वानंद धरून चालला, आणि रजतला पुढे एका रक्तदान शिबिराला पळायचं होतं. म्हणून स्वानंदनेच सुरुवात केली. शाल पांघरायची, वाकून नमस्कार करायचा, रजतच्या मोबाइलकडे बघून हसायचं, पुढे सरकायचं. नजर त्याने मोबाइलवरून हलू दिली नाही, कारण मागच्या वेळी ब्लँकेट देताना त्याचे डोळे मिटलेले आले होते.

तेवढ्यात संहिता केक घेऊन आली. एकटीच.

"आई कुठे?" स्वानंदने विचारलं.

"म्हणजे? तुझ्याबरोबर आल्या ना?"

"मी तर रजतबरोबर आलो."

"मग त्यांच्या चपला कोणी नेल्या?"

स्वानंदने आईला फोन लावला, नुसती रिंग. शेजारच्या श्रीहरीकाकांना लावला. ते म्हणाले, "घराला तर ताला आहे रे. आत फोन वाजतोय मघापासून. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम उचलत नाही."

आईला बीपीचा त्रास, पर्समध्ये पैसे आहेत की नाहीत देव जाणे, आणि एवढं पसरलेलं शहर. स्वानंद मटकन खुर्चीत बसला.

"घाबरू नका, पोलिसांना कळवू," अश्विनजी म्हणाले. "आईंचा हल्लीचा फोटो काढा."

स्वानंद फोनमधले फोटो सरकवायला लागला. झाडं होती, ढीगभर. ब्लँकेटं, रक्ताच्या पिशव्या, शाळेची दप्तरं, आणि प्रत्येकात स्वानंद. आई कुठेच नाही. एका फोटोत कडेला तिचा कोपर दिसला, तर तो संहिताचा निघाला. स्वानंदला रडू यायला लागलं, खरंखुरं.

वरून रजतने पाठवलेले शालींचे फोटो टिंग टिंग येतच होते. ते तो बाजूला सारत होता, आणि सारता सारता थांबला. फोटोत तो मोबाइलकडे बघून हसत होता. ज्या बाईंच्या खांद्यावर शाल होती, त्या त्याच्याकडे बघत होत्या. जांभळी साडी, चमकीची टोपी, आणि टोपीखाली आई.

त्याने वळून पाहिलं. रांगेच्या शेवटी आनंदीबाई दुपारच्या वाढदिवसाची उरलेली जिलबी खात होत्या.

"आई, तू इथे कशी?"

"देवळातून आले तर घराला कुलूप. मग ई-रिक्शा केली. तू पाठमोरा बॅनर बांधत होतास. हे साहेब म्हणाले, या, तुमचीच वाट बघतोय. पाणी दिलं, टोपी दिली, बसवलं. फार चांगली माणसं आहेत."

अश्विनजींचा चेहरा उतरला. "म्हणजे तुम्ही नवीन आजी नाही? मी विचारलं, मुलगा कुठे, तर तुम्ही बोलल्या, सोडून गेला."

"मग? गेलाच होता."

"मी शाल दिली, तेव्हा तरी बोलायचंस," स्वानंद म्हणाला.

"तुझा फोटो बिघडला असता. आणि खरं सांगू, बरं वाटलं. रोज कोणाकोणाची सेवा करतोस, आज माझा नंबर लागला."

स्वानंद तिथेच जमिनीवर बसला आणि त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. रजतने सवयीने मोबाइल वर केला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, खिशात ठेवून दिला.

पण आधीचे फोटो ग्रुपवर जाऊन पोचले होते. स्वानंदचा फोन परत वाजला. कोणीतरी लिहिलं होतं, 'स्वानंदजी, या माउलीच्या चेहऱ्यावरचं समाधान बघा. बिचारीला कोणी नाही का?'

आनंदीबाईंनी पर्समधून चष्मा काढला, टोपी मागे सारली आणि सावकाश वाचलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "एक मुलगा आहे. आजच सापडला."