भरल्या बादल्या

समिती दहा वाजता येणार होती, म्हणून अनारकुलने सकाळी उठल्या उठल्या कचऱ्याची गाडी धुवायला घेतली. नुसतं पाणी मारून ती थांबली नाही. चाकांच्या आतल्या बाजूला हात घालून तिने वर्षाचा चिखल खरवडून काढला. बुरुलचा नावाची तिची सासू चहाचा वाडगा घेऊन दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"लग्नात मला सुद्धा कुणी एवढं घासून न्हाऊ घातलं नव्हतं गं," ती म्हणाली. "आता हिच्यात कचरा टाकायला लोकांना लाज वाटेल."

"वाटू दे, आपा. आजच्या दिवस वाटू दे. गाडी राहिली पाहिजे."

त्या गाडीचं असं होतं. आक-बेल गावात कचरा ओढ्याच्या काठावर पडायचा आणि दर वसंतात नगरपरिषद त्याबद्दल खेद व्यक्त करायची. मग एका वर्षी परिषदेने लहान उद्योगांना अनुदान द्यायचं काढलं. कुणी शिलाई मशीन मागितलं, कुणी मधमाश्यांच्या पेट्या. अनारकुलने जुना ट्रक मागितला, कारण तिला ट्रक चालवता येत होता आणि ओढ्याच्या वासाने तिचं डोकं उठत होतं. परिषदेने ट्रक दिला, पण एक अट घातली. उन्हाळा सरला की देखरेख समिती येऊन काम बघेल. काम चोख निघालं तर गाडी तिच्या नावावर होईल आणि नव्या इंजिनासाठी अनुदानाचा दुसरा हप्ताही मिळेल. नाही निघालं तर गाडी परत जाईल आणि परिषदेची खडी वाहील. तसं झालं तर अनारकुलला नवऱ्यामागोमाग मॉस्कोला जाऊन दुसऱ्यांचे जिने पुसावे लागणार होते. हे सासूला माहीत होतं, म्हणून सकाळपासून तिच्या थट्टेला नेहमीची धार नव्हती.

समितीचे अध्यक्ष होते नगरसेवक सुयुनबेक मामितोविच. पूर्वी ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे आणि त्या दिवसांतली "का?" विचारायची सवय त्यांच्या जिभेवरून गेली नव्हती. भाकरी गरम का, मेंढी काळी का, समोरचा गप्प का, हे विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. नुकतंच त्यांनी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण दिलं होतं. ते इतकं चाललं, की बाहेर बांधलेली घोडी सुटून घरी गेली. पानगळीत निवडणूक होती आणि ते पुन्हा उभे राहणार होते.

अनारकुलने गल्लीत घरोघर फिरून बजावलं होतं, "दहाच्या ठोक्याला भरल्या बादल्या घेऊन फाटकात उभे राहा. मी हॉर्न वाजवत येईन, तुम्ही ओता. समिती बघेल, संपलं. आणि कुणी जुनी गादी आणू नका, बातमा एजे, मी तुमच्याशीच बोलतेय."

गल्ली उभी राहिली. दहा वाजून गेले. समिती म्हटल्यावर ती वेळेवर कशी येईल, असं म्हणत लोक आणखी उभे राहिले. माश्या जमल्या. अकरा वाजत आले तेव्हा सगळ्या गल्लीची थोरली बहीण असलेली बातमा एजे म्हणाली, "मला बाजारात जायचंय. समिती कचऱ्यासाठी थांबेल, कचरा समितीसाठी किती थांबणार?" अनारकुलने रस्त्याकडे एकदा बघितलं, नाइलाजाने हॉर्न वाजवला आणि गाडी हलवली. फाटकाफाटकाशी बादल्या रिकाम्या होत गेल्या. गाडी गच्च भरून गल्लीच्या खालच्या टोकाला पोचली, आणि नेमकी तेव्हाच वरच्या टोकाला समिती उगवली.

समिती पायी आली होती. ओढ्यावरच्या पुलाच्या फळ्या मोडल्या होत्या आणि त्या बसवायचं काम परिषदेकडेच होतं, म्हणून मोटार पलीकडे ठेवावी लागली होती. पुढे सुयुनबेक मामितोविच, मागे चष्मा सावरत समितीची सचिव नुर्जात.

बुरुलचाने त्यांना सगळ्यात आधी पाहिलं. मग तिने गल्लीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना झाडून सगळी माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी बादली! सुनेच्या गाडीचा निकाल लावायला निघालेली माणसं, आणि त्यांना सामोरी येतेय रिकाम्या बादल्यांची फौज. म्हातारीच्या अंगावर काटा आला.

"भरा!" ती दात आवळून म्हणाली. "अरे बघत काय बसलात? काहीही भरा!"

कुणी "का?" विचारलं नाही. आपल्याकडे हे कुणाला सांगावं लागत नाही. पाहुण्याला, त्यातून कामावर निघालेल्याला, रिकाम्या बादलीने आडवं जायचं म्हणजे त्याच्या कामाचं वाटोळं करायचं. अख्खी गल्ली आत पळाली आणि बाहेर आली. कुणी सफरचंदं भरली, कुणी कोळसा, कुणी नळाचं पाणी. ओसमोन म्हाताऱ्याला काही सापडेना, त्याने बादलीत कोंबडी बसवली आणि वरून टोपी झाकली.

सुयुनबेक मामितोविच पहिल्या फाटकाशी थांबले. "गाडी अजून आली नाही वाटतं?"

"आली की, बाइके. आत्ताच येऊन गेली," बातमा एजे त्यांना थोरल्या भावाचा मान देत म्हणाली.

"येऊन गेली? मग बादल्या भरलेल्या का?"

बातमा एजेने बुरुलचाकडे बघितलं. बुरुलचाने मान हलवली. अशुभ टळावं म्हणून भरलेली बादली, आणि ते अशुभ तोंडाने बोलून दाखवायचं, तेही भाषणवाल्या माणसापुढे? छे.

"भरलेल्या आहेत खऱ्या," बातमा एजे म्हणाली.

"लिहा," अध्यक्ष नुर्जातला म्हणाले. "गाडी येऊन गेली. कचरा जागेवर." पण त्यांना चैन पडेना. ते वाकले. "ही तर सफरचंदं आहेत! चांगली आहेत. टाकून का देताय?"

"देत नाही."

"मग बादली घेऊन रस्त्यावर का उभ्या आहात?"

"धरलीय," बातमा एजे म्हणाली. यापेक्षा खरं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

अध्यक्ष पुढे गेले. दुसऱ्या बादलीत कोळसा निघाला, तिसरीत पाणी. जुन्या मास्तराला चव आली. प्रत्येक बादलीशी ते वाकून बघत, वास घेत, बोट बुडवत. ओसमोनची टोपी उचलली तर आतून कोंबडीने त्यांच्याकडे बघितलं.

"ही का?"

"तिला बाहेरचं बघायला आवडतं," ओसमोन म्हणाला.

सुयुनबेक मामितोविच कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उभे राहिले. त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सरळ होत गेली. "नुर्जात, मला कळलं. सफरचंदं, कोळसा, कोंबडी. ही वसुली आहे! परिषदेच्या अनुदानावर गाडी घ्यायची आणि कचरा उचलायचे लोकांकडून वर आणखी घ्यायचे!"

एव्हाना गाडी खालीच सोडून अनारकुल पळत वर आली होती. "मी? मी कुणाकडून काय घेतलं?"

"मग हे कुणासाठी भरलंय?"

गल्लीला अनारकुलचा चेहरा बघवेना. तिला वाचवायलाच हवं, म्हणून बातमा एजे छाती पुढे काढून म्हणाली, "तिच्यासाठी नाही, बाइके. तुमच्यासाठी!"

"हो, हो, तुमच्यासाठीच," चारी बाजूंनी लोक ओरडले. ते अगदी खरंही होतं.

नुर्जातने पेन खाली घेतलं. अध्यक्षांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "माझ्यासाठी?" ते कुजबुजले. "निवडणूक तोंडावर असताना? भर रस्त्यात, उघड्या बादल्यांतून लाच? कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

अनारकुलला एकाच वेळी रडू आणि हसू यायला लागलं. एवढे महिने तिने गावाचा कचरा उपसला होता, आणि गाडी जात होती ती कचऱ्यापायी नाही, सफरचंदांपायी. तिने सासूकडे बघितलं. म्हातारी मान हलवून नको नको म्हणत होती.

"आपा, पुरे आता," ती म्हणाली आणि गल्लीकडे वळली. "ओता! सगळ्यांनी बादल्या ओता! इथेच!"

"अगं, यांच्या समोर?"

"यांच्याच समोर!"

गल्लीने ओतलं. सफरचंदं उतारावरून घरंगळत सुटली, पाणी अध्यक्षांच्या बुटांखालून वाहिलं, कोंबडी ओरडत कुंपणावर जाऊन बसली. अनारकुलने बातमा एजेची बादली घेऊन सुयुनबेक मामितोविचच्या नाकासमोर उलटी धरली. "बघा. मी कचरा नेल्यावर या अशा झाल्या होत्या. तुम्ही समोरून आलात, तर तुम्हाला रिकामी बादली आडवी जाऊ नये म्हणून यांनी हातात येईल ते भरलं. वसुली नाही नि लाच नाही. तुमचं भलं व्हावं म्हणून केलं!"

अध्यक्ष खदखदून हसले. डोळे पुसत त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला. "माझ्या लोकांनो! माणूस अवकाशात जाऊन आला, आणि तुम्ही बादलीला घाबरता? बादली म्हणजे पत्रा! पत्र्याला काय माहीत कोण कुठे निघालंय? नुर्जात, आधीचं खोडा. लिहा, काम चोख. बाकी गाडीचं नि हप्त्याचं मी पुढच्या बैठकीत बोलेन."

बुरुलचाने हुश्श केलं. सुयुनबेक मामितोविच मोटारीकडे जायला वळले आणि थांबले.

वरच्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना, फाटकाफाटकात माणसं उभी होती आणि त्यांच्या हातांत रिकाम्या बादल्या होत्या. निवडणूक दोन महिन्यांवर होती.

"पुढे हो," ते नुर्जातला म्हणाले.

"तुम्ही अध्यक्ष. तुम्ही पुढे."

"मी जरा निरीक्षण करतोय."

नुर्जातने चष्मा सावरला, खाली वाकून ओंजळभर सफरचंदं उचलली आणि भरल्या हाताने तुरुतुरु निघून गेली. अध्यक्षांनी इकडे तिकडे बघितलं. सफरचंद उचलावं तर आत्ताच केलेलं पत्र्याबद्दलचं भाषण आडवं येत होतं. बादल्या भरा म्हणावं तर ते त्याहून वाईट.

"अनारकुल," शेवटी ते अगदी सहज म्हणाले, "तुमची गाडी आता कचरा टाकायला जाणार ना? मी बरोबर येतो. तपासणी अर्धवट राहू नये."

"भरल्या गाडीत बसलेल्याला काही बाधत नाही," बुरुलचा म्हणाली, कुणाला उद्देशून ते तिने सांगितलं नाही.

अनारकुल खाली गेली आणि गाडी मागे घेत अगदी त्यांच्या पायाशी आणून तिने बंद केली. सुयुनबेक मामितोविच वर चढले, दार ओढून घेतलं आणि नाकाला रुमाल लावला. त्यांच्या मागे गावाचा आठवड्याचा कचरा शिगोशीग भरलेला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. अनारकुलने किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. गाडी गप्प झाली.

"काय झालं? सुरू का होत नाही?"

"काय सांगू, बाइके, इंजिन जुनं आहे," अनारकुल हात मांडीवर ठेवून म्हणाली. "दुसऱ्या हप्त्यात नवं मिळणार होतं. पण ते बैठकीवर अवलंबून. आपण थांबू या थोडं. गल्लीतल्या कुणाला तरी येऊन धक्का मारायला सांगते."

तिने खिडकीतून हाक मारली. गल्ली धावत आली. हातातल्या बादल्या खाली ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. त्या दारापाशी, काचेसमोर, आरशात हलायला लागल्या. मदतीला आलेला ओसमोन नेमका समोरून आडवा गेला.

"कुठे करायची सही?" सुयुनबेक मामितोविच म्हणाले. "नुर्जातला बोलवा! कागद आणा म्हणावं. दोन्ही कागद, गाडीचा आणि हप्त्याचा!"

नुर्जात पळत आली. सह्या झाल्या. शिक्केही बसले. अनारकुलने दोन्ही कागदांवरची शाई फुंकली, घडी करून ते खिशात ठेवले आणि सहज किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. या वेळी सुयुनबेक मामितोविचनी "का?" विचारलं नाही.