वेलावरचं लांब गिलकं

आमच्या शेजारच्या सुमनमावशींकडं गेलात तर त्या आधी पाणी विचारत नाहीत. तुमचा हात धरतात, उलटा करतात आणि म्हणतात, "कोपर दाखव." कोपर खरखरीत निघालं की चहा लांबतो. माझा पहिल्या भेटीत आलाच नाही. मला थेट न्हाणीत पाटावर बसवलं आणि वाळल्या गिलक्याच्या जाळीनं माझी दोन्ही कोपरं अशी घासली, की मी घरी येऊन खोबरेल तेल लावून बसले. पण खोटं कशाला बोलू, सकाळी कोपरं लोण्यासारखी मऊ झाली होती.

मावशी मूळच्या पाचोडच्या. नवरा गेल्यावर हर्सूलच्या बाजूला, आमच्या कॉलनीत राहायला आल्या. येताना सोबत पायाच्या टाचा घासायचा काळा दगड आणला आणि गिलक्याचं बी. काही जण त्याला घोसाळं म्हणतात. मावशींसमोर म्हणू नये. तो वेल आता आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीवर पसरला आहे. त्यावरचं एकही गिलकं त्या भाजीला तोडत नाहीत. वेल लगडलेला असताना बाजारातून पिशवीभर गिलकी विकत आणतात. मी एकदा बोलले तर म्हणाल्या, "ती खायची हायेत. ही अंगाची हायेत."

त्यांचं शास्त्र पक्कं आहे. "साबण म्हंजी निस्ती खुशबू. मळ काढावा तर गिलक्यानं. आधी ऊन पानी, मंग मसुराचं पीठ अन् साय, मंग हळूहळू घासायचं. खालून वर, काळजाकडं." आणि सगळ्यावर कडी म्हणजे, "तोंडाला समदेच जपतेत. मानूस कळतो कोपरावरून."

हे त्या नुसतं बोलत नाहीत. लासूर स्टेशनला पुतणीसाठी स्थळ आलं होतं. मुलगा पोह्याची बशी हातात घेऊन पगार, फ्लॅट, गाडी सांगत होता. मावशी मधेच म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. बाही वर करा." मुलानं घाबरून बाही वर केली. मावशींनी कोपरावरून अंगठा फिरवला आणि आतल्या बायकांना ओरडून सांगितलं, "साखर वाटा गं!" संसार छान चालला आहे. त्याचं सगळं श्रेय मावशी कोपराला देतात.

मी त्यांना मावशी म्हणते, म्हणून आमचे हे आपोआप त्यांचे जावईबापू झाले. जावयाचं कोपर त्या तपासत नाहीत. जावयाला काही बोलतही नाहीत.

गेल्या वर्षी मावशी काही दिवस पाचोडला गेल्या आणि वेलाला पाणी घालायचं काम यांच्यावर आलं. यांनी मनोभावे पाणी घातलं. वेलावर एक गिलकं हातभर लांब झालेलं, देठाला मावशींनी लाल चिंधी बांधलेली. यांना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. मावशी यायच्या दिवशी यांनी प्रेमानं ते तोडलं, भजी तळली आणि गरम बशी घेऊन स्वतः त्यांच्या दारात उभे राहिले.

जून गिलकं ते, आत नुसत्या शिरा. मावशींनी एक भजं चावलं, दातातून लांब दोरा ओढला आणि वेलाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "लई झ्याक झालीत, जावईबापू." अख्खी बशी संपवली.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्याकडं गेले, पण कोपर दाखव म्हणाल्या नाहीत. पाणी दिलं, चहाही वेळेवर दिला. मला धास्तीच वाटली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सरळ विचारलं, "मावशी, ह्यांचं काही चुकलं का?"

"जावयाचं काय चुकत नसतं," त्या म्हणाल्या. मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाल्या, "ते लांब गिलकं म्या पाठीला ठिवलं व्हतं. दोन्ही टोकं धरून आपल्या आपन घासता येतं. जाऊ व्हती तवर ती माझी चोळायची, म्या तिची. ती गेली. आता हात पुरत नाय गं, पोरी."

कॉलनीभर कोपरं तपासत फिरणाऱ्या ह्या बाईच्या पाठीला इतकी वर्षं कुणाचा हात लागला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी पदर खोचला, न्हाणीत पाट मांडला आणि म्हणाले, "मावशी, पाठ दाखवा."

आधी नको नको म्हणाल्या, मग बसल्या. मी आखूड गिलक्यानं चोळायला लागले. त्या डोळे पुसून खेकसल्या, "जोर लाव की! भजी समदी म्या खाल्ली, म्हनून तू उपाशी हाईस का?"

तेव्हापासून रविवारी सकाळी मी त्यांच्या न्हाणीत असते. यंदा वेलावर पुन्हा एक गिलकं हातभर वाढलं. मावशींनी चिंधी बांधली, यांनी त्या भिंतीकडं बघायचंही सोडलं. मला मात्र आतून हुरहुर लागली होती. ते वाळलं की मावशींना माझी गरज उरणार नव्हती.

परवा ते वाळलं. मावशींनी साल काढली, बिया झटकल्या, विळी घेतली आणि बरोबर मधोमध कापून दोन तुकडे केले.

"अहो मावशी, पाठीचं होतं ना ते!"

"व्हय, पाठीचंच हाय," एक तुकडा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "हे माझ्या पाठीचं, हे तुझ्या. चल, बस पाटावर."