पारिसा मगदुमाच्या डोक्याचं औषधपाणी

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत कारकुनी करणाऱ्या पारिसा मगदुमाने चैत्रातल्या एका दुपारी आपल्याच घराच्या कट्ट्यावर टोपी काढून डोकं खाजवलं, आणि तिथून सगळं बिघडलं. (सुधारलं, असं पारिसाचं म्हणणं. पण कारकुनाचं कोण ऐकतंय?)

डोक्याचा विकार तसा जुना. केसांत लाल चट्टे, त्यांवर पांढऱ्या खपल्या, आणि जरा खाजवलं की भिंतीचे पोपडे पडावेत तसा खांद्यावर भुगा. बायको होती तोवर ठीक होतं. प्रेमला करंजाचं तेल कोमट करून बोटांनी हळूहळू जिरवायची. ती गेली आणि या डोक्याला हात लावणारं माणूस संपलं. पोरंबाळं नव्हती. लोक महारोग म्हणतील या धास्तीने पारिसाने जी टोपी चढवली ती फक्त झोपताना उतरायची, आणि चारचौघांत बसणं त्याने सोडूनच दिलं. जैनाघरचा रिवाज म्हणून दिवस मावळायच्या आत जेवायचं. पण एकट्याचं जेवण ते केवढं? ते उरकल्यावर जी संध्याकाळ उरायची तिचं काय करायचं, हे कुठल्या शास्त्रात सांगितलेलं नव्हतं. मग तो भिंतीशी बोलायचा. भिंत फारशी बोलकी नव्हती.

तर त्या दुपारी ते डोकं समोरच्या जयाबाईने पाहिलं. जयाबाईने पाहिलं म्हणजे गल्लीने पाहिलं. पारिसाचा जीव खालीवर झाला, पण महारोगाचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळी घराघरांतून औषधं तेवढी आली. जयाबाईचं आंबट ताक, कुणाची कोरफड, कुणाचा वाटलेला कडुलिंब. दुसऱ्याच्या हातावर कुणाचा विश्वास नसल्यामुळे जो तो आपलं औषध आपल्याच हाताने लावायचा. पारिसा मान खाली घालून, डोळे मिटून बसायचा. गुण काडीचा नव्हता. पण थोड्याच दिवसांत नुसत्या बोटांवरून त्याला माणूस ओळखू येऊ लागला.

मग वखारीचा मुकादम जिनाप्पा पुढे सरसावला. निपाणीच्या माणसाचा देवाखालोखाल तंबाखूवर विश्वास. तंबाखूच्या पाण्याने पिकावरची कीड जाते तर डोक्यातली का जाणार नाही, असा त्याचा रोकडा सवाल. अहिंसेचं काय, असं कुणीतरी विचारलं. जिनाप्पा म्हणाला, "मारायची न्हाय तिला. नुस्तं जा म्हणून सांगायचं."

तंबाखूच्या काढ्यात भिजवलेलं फडकं पारिसाच्या डोक्याला आवळून बांधलं. कीड गेली की नाही कळलं नाही, पारिसा मात्र निघाला. आधी गल्ली फिरली, मग पोट फिरलं, मग तो आडवाच झाला. कुणी वारा घालतंय, कुणी तळपाय चोळतंय, जयाबाई पाणी पाजतेय, आणि मुकादम सगळ्या तीर्थंकरांची नावं घेत बसलाय. प्रेमला गेल्यापासून पारिसा इतका सुखी कधीच नव्हता.

घाबरलेल्या जिनाप्पाने त्याला कोळशावर चालणाऱ्या मोटारीत घालून बेळगावला नेलं. (लढाईचे दिवस; पेट्रोल बघायलाही मिळत नव्हतं.) तिथल्या कँप भागातल्या डॉक्टरने रोगाचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, ते परतीच्या वाटेवर संकेश्वर येईतो दोघेही विसरले. लक्षात राहिलं ते एवढंच, की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, यात माणूस मरत नाही, आणि तो मुळापासून जातही नाही, मधूनमधून दबतो. वर कोळशाच्या डांबराचा मलम दिला. वास असा, की पारिसा वखारीत शिरला की तंबाखूला ठसका लागावा.

पण मलमाने काम केलं. पाऊसपाण्यापर्यंत डोकं सोललेल्या नारळासारखं साफ झालं. "सुटलास बाबा एकदाचा," जयाबाई म्हणाली आणि ताकाचं भांडं घेऊन गेली. मग कोणीच आलं नाही. बऱ्या माणसाकडे कोण कशाला येईल? पुन्हा ती संध्याकाळ आणि ती भिंत. पारिसाने मलम बंद करून पाहिला. रोग हट्टी निघाला, परत येईना.

शेवटी त्याने कारकुनी डोकं चालवलं. केसांत काकवीचा पातळ हात फिरवला आणि वरून तांदळाचं पीठ भुरभुरलं. वाळल्यावर खपल्या खऱ्याहून सरस दिसू लागल्या. तसाच तो संध्याकाळी गल्ली जमायची त्या बस्तीबाहेरच्या, म्हणजे जैन मंदिराबाहेरच्या, कट्ट्यावर गेला आणि सगळ्यांपुढे टोपी काढून म्हणाला, "आक्का, परत आलं बघा."

काय ती धावपळ झाली. जयाबाईने डोकं ओढून मांडीवर घेतलं. जिनाप्पाने चष्मा चढवला. पारिसाने डोळे मिटले. आणि कट्ट्यालगतच्या आंब्यावरून तांबड्या मुंग्यांची रांग त्याच्या मानेवर चढली.

दुसऱ्या कुठल्या गल्लीत दोन चापट्यांनी काम भागलं असतं. पण इथे समोर बस्ती. पारिसाने हात उचलला तोच चौघांनी त्याचे हात धरले. "हालू नगंस रं, मरतील," जिनाप्पा म्हणाला. मग सगळी मंडळी पदरांच्या, धोतरांच्या मऊ टोकांनी एकेक मुंगी अलगद उचलून आंब्याच्या खोडावर नेऊन सोडू लागली. उरलेल्या कडकडून चावत होत्या. पारिसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एवढे हात आपल्या डोक्यावर आहेत म्हणून त्याला बरंही वाटत होतं.

जयाबाईने बोट हुंगलं, मग चाखलं. "ही काकवी हाय," ती म्हणाली.

सगळे थांबले. "का रं असं केलास?" जिनाप्पाने विचारलं.

"बरं झाल्यापास्नं कोण आलंच न्हाय की, अण्णा," पारिसा म्हणाला.

कुणी हसलं नाही. जिनाप्पाने चष्मा काढून उगाच पुसला. "उद्यापास्नं नुस्ता ये. डोस्कं दाखवाय लागत न्हाय हितं."

दुसऱ्या दिवशी शिकेकाईने खसखसून न्हाऊन पारिसा वेळेआधीच कट्ट्यावर हजर झाला. मंडळींनी आनंदाने सरकून जागा केली. इतकी केली, की मध्ये एकटा पारिसा आणि दोन्हीकडचे लोक कट्ट्याच्या दोन टोकांना. त्याचा चेहरा उतरलेला पाहून जयाबाईने तिकडूनच समजूत घातली, "रोगाला भीत न्हाय रं आमी. एकांदी मुंगी ऱ्हायली आसंल तुज्या आंगावर. आमच्याखाली चिरडली, तर पाप कुणाच्या माथी?"

शास्त्राप्रमाणे तिचं काहीच चुकत नव्हतं. तेव्हापासून पारिसाला रोज संध्याकाळी सोबत मिळाली. फक्त आवाज जरा चढवून बोलावं लागायचं.